दोन सेकंद, पाठमोरी

मालिकेवाले केगावला आले तेव्हा
लॅबमधला गॅस संपून आठवडा झाला होता.
त्यांनी आधी भिंत पुसली, मग फळा,
फळ्यावरचं सरांचं अर्धं समीकरण,
आणि त्या जागी लिहिलं लांबलचक काहीतरी
ज्यात बरोबरचं चिन्ह दोनदा होतं.
सर काही बोलले नाहीत.
त्यांना दाराशी उभं केलं होतं, शिपाई म्हणून.
सरांसारखे दिसत नव्हते ना ते.

‘रंग कुठायत?’ एका पोरानं विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे बहुतेक सगळं पाण्यासारखंच दिसतं.
तो हसला. चंबूंमध्ये ओतलं त्यानं
सरबताचं लाल, जिलबीचं केशरी, धुण्याची नीळ,
तळाशी सुका बर्फ.
धूर निघाला. टाळ्या पडल्या.
दोन वर्षांत या खोलीतल्या पहिल्या टाळ्या.

मल्लिनाथ बिराजदारचे डोळे ठणठणीत,
त्याला जाड भिंगांचा चष्मा दिला, हुशार दिसायला.
माझा काढून घेतला.
मग मला काही दिसेना, त्यांचं काही अडलं नाही:
पाठमोरी राहा, चंबू हलव,
नायक आत आला की दचकून बाजूला हो.

नायक सात वेळा आत आला.
सात वेळा त्यानं एकाच थेंबात शोध लावला.
केस उडत होते, कारण पंखा त्यांनी वेगळा आणलेला.
आमचा बंद असतो,
वजनकाट्याचा आकडा थरथरतो म्हणून,
बेचाळीस डिग्रीतही.

दोष देत नाही मी. हे कोण बघणार?
ब्यूरेटची तोटी गळते, तिला व्हॅसलीन लावायचं.
शहरात पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर नाव घालायचं
आणि तरीही भांडायचं.
डब्यातल्या शेंगाचटणीलाही अमोनिया लागतो.
मान आखडेपर्यंत थेंब, थेंब,
आणि मग एका थेंबाला येते गुलाबी झाक,
इतकी फिकी की खाली पांढरी टाइल ठेवावी लागते,
शेजारणीला विचारावं लागतं, आली का गं?
अर्धा मिनिट टिकली तर खरी.
मग सगळं ओतून द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून.
एकदा आलेलं आमच्यात धरत नाहीत.

तो भाग गुरुवारी लागला.
विडी घरकुलातली अर्धी गल्ली आमच्या खोलीत.
अम्मा मांडीवर सूप घेऊन, पाला कातरून,
टीव्हीकडे न बघता वळत होती.
बोटं मोजतात, ती मोजत नाही.
धूर आला. लाल, केशरी, निळं.
नरसूबाई म्हणाल्या, किती छान गं तुमचं कॉलेज!
पोरांनी विचारलं, स्फोट कधी होतो?

मग दोन सेकंद माझी पाठ.
वेणी. एप्रन. एप्रनवर कमरेपाशी
ओट्याला टेकले तेव्हा ॲसिडनं पडलेलं भोक,
विडीच्या दोऱ्यानं रफू केलेलं.
भिंत पुसणाऱ्यांना तेवढं दिसलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच अम्मानं मान वर केली होती.
ती तेलुगूत बोलली; मनातलं काही असलं
की ती तेलुगूतच बोलते:
‘तो टाका माझा आहे.’

नायकानं जग वाचवलं. गल्ली उठून गेली.
‘दचकलीस कशाला?’ अम्मानं विचारलं.
‘सांगितलं होतं त्यांनी.’
ती हूं म्हणाली. सुपातल्या हजारातून
एकवीस विड्या बाजूला काढल्या,
कारखान्यात कुणी छाट म्हणण्याआधी,
उलगडल्या,
पाला पाण्यानं जरा ओला केला
आणि पुन्हा वळायला घेतल्या.

मी टीव्हीचा आवाज कमी केला.